मोतीला सुई दिली होती, तरी तो गेला

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांच्या इच्छेनुसार नाव-गाव गाळलं आहे. घरात त्या, पती, सासरे (त्यांना सगळे आबा म्हणतात) आणि तिसरीतली मुलगी. मागच्या दिवाळीच्या सुमारास त्यांचा साडेतीन महिन्यांचा मोती, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, उलट्या आणि रक्ताची हगवण लागून तीन दिवसांत गेला. डॉक्टरांनी पार्व्हो सांगितला. मोती दीड महिन्याचा असताना त्याला एक लस टोचली होती. पुढची तारीख घरातल्या लग्नघाईत राहून गेली. आता मुलीनं उसाच्या फडाकडेला सापडलेलं दुसरं पिल्लू आणलं आहे, अंदाजे दोन महिन्यांचं. घरात दोन वर्षांची मनी मांजरही आहे. ती उंबरा ओलांडत नाही म्हणून तिला कधीच काही टोचलेलं नाही. आबा म्हणतात, "त्या सुईनंच मोती गेला. आमच्या वस्तीवरची कुत्री बारा-बारा वर्षं जगली, त्यांना कुणी टोचलं होतं?" पती म्हणतात, खर्च करूनही व्हायचं तेच होतं. पिल्लाला अजून नाव ठेवलेलं नाही. आधी जगू दे, मग बघू, असं ठरलं आहे. ताई विचारतात, घरच्यांच्या मनाविरुद्ध जाऊन लस द्यावी का? आणि पत्राच्या अगदी खाली, वेगळ्या शाईत एक ओळ आहे: "मोती माझ्यामुळे गेला का?"

ताई,

त्या खालच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण बाकीचं पत्र त्या ओळीभोवती फिरतंय असं मला वाटलं.

तारीख चुकली, हे खरं आहे आणि त्यानं फरक पडला असण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पण ती तारीख का महत्त्वाची होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. मोटारसायकलवरून आलेल्या माणसानं खिशातून बाटली काढली, टोचली, "पुढल्या महिन्यात परत देऊ" म्हणाला आणि गेला, एवढंच तुम्ही लिहिलंय. मी जनावरांच्या दवाखान्यात अनेक वर्षं काढली. आम्ही डॉक्टर मंडळी तारीख कार्डावर लिहून देतो, पण कारण सांगायचं राहून जातं. ते आमचं चुकतं. म्हणून आधी कारण सांगते.

गाय व्याल्यावर पहिल्या दिवशी वासराला चीक पाजायची घाई आपण का करतो, हे आबांना माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. रोगाशी लढण्याची आईची ताकद त्या चिकातून वासरात उतरते. कुत्रीच्या पिल्लांचंही तसंच. आईकडून मिळालेलं हे संरक्षण पिल्लाच्या रक्तात काही आठवडे टिकतं आणि हळूहळू ओसरतं. कुणाचं आठव्या आठवड्यात संपतं, कुणाचं बाराव्या, कुणाचं सोळाव्या. एकाच वेतातल्या दोन पिल्लांचंही सारखं नसतं.

आता अडचण अशी की आईकडून आलेलं हे संरक्षण लशीलाही शत्रूच समजतं. लशीत पार्व्होचा कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो. आईचं संरक्षण जोरात असताना लस दिली, तर ते लशीतल्या विषाणूला निकामी करून टाकतं आणि पिल्लाचं शरीर स्वतः काहीच शिकत नाही. पुढे ते संरक्षण इतकं उतरतं की खरा विषाणू आत शिरू शकतो, तरी लशीला अडवण्याइतकं ते शिल्लक असतं. हे मधले काही दिवस फार वाईट. ते नेमके कधी येतात, हे पिल्लाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा देतात. पहिली सुई कमी पडली म्हणून दुसरी जोराची, असा त्यात हिशेब नसतो. यातली एक तरी सुई योग्य दिवशी पडावी, यासाठी हा सगळा खटाटोप असतो. सोळाव्या आठवड्यातली किंवा त्यानंतरची सुई म्हणूनच सगळ्यांत मोलाची, आणि नेमकी तीच आपल्याकडे सर्रास चुकते.

दीड महिन्याच्या मोतीला दिलेली ती एकुलती सुई बहुधा चिकाच्या संरक्षणानंच खाऊन टाकली असेल. दुसरंही एक कारण संभवतं. या लशी दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. दुकानातून खिशात, खिशातून उन्हात, असा प्रवास झाला तर बाटलीतलं औषध दिसायला तसंच राहतं, पण त्यात दम राहत नाही. उलट बाजूही लक्षात असू द्या: रेबीजची लस फ्रीजरच्या कप्प्यात गोठली तरी वाया जाते. डॉक्टरांना "लस फ्रीजमधून काढून माझ्यासमोर तयार करा, बाटलीवरची मुदत दाखवा" असं सांगायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

लशीनं मोती गेला, हे आबांचं म्हणणं मात्र बरोबर नाही. पार्व्हो अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी दोन आठवडेही. मोतीला लस देऊन तेव्हा दोन महिने होत आले होते. लशीनं त्रास होतो तो बहुतेक वेळा एखाद-दुसरा दिवस मरगळ, थोडा ताप, टोचल्या जागी गाठ, इतकाच. क्वचित तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, लागोपाठ उलट्या, धाप, असं होतं आणि ते बहुधा काही मिनिटांत ते काही तासांत दिसतं. त्यावर ताबडतोब उपचार लागतात. म्हणून लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यापाशीच थांबायचं.

पण आबांच्या दुसऱ्या वाक्याकडे मी आदरानं बघते. त्यांच्या वस्तीवरची कुत्री खरंच बारा वर्षं जगली असतील. पार्व्हो हा रोग कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला तो १९७८ साली, आणि त्यानंतर तो बघता बघता जगभर पसरला. आबांच्या लहानपणी तो नव्हताच! ज्या काळातल्या कुत्र्यांची ते आठवण काढतात, त्या कुत्र्यांवर हे संकट आलंच नव्हतं. शिवाय बारा वर्षं जगलेलं कुत्रं सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याच वेतातली जी चार पिल्लं पावसाळ्यात गेली, त्यांची आठवण कोण ठेवणार? हे त्यांना वाद घालून सांगू नका. त्यांनी पाळलेल्या कुत्र्यांची नावं विचारा, किती पिल्लं झाली, किती राहिली ते विचारा. ते स्वतःच सांगतील.

आणि एक विचारा: पावसाळ्यापूर्वी गोठ्यातल्या जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस कोण टोचून घेत होतं? लाळ-खुरकूतच्या वेळी डॉक्टरला गोठा कोण दाखवत होतं? २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा आपल्या राज्यात गावोगाव गाई-बैलांना लस दिली गेली. तुमच्या दावणीलाही दिली असेलच. आबांचा सुईवर विश्वास नाही, असं मला वाटत नाही. कुत्र्यासाठी सुई, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात कधी आली नाही, इतकंच. शिवाय मोती त्यांच्या डोळ्यांदेखत गेलाय. म्हाताऱ्या माणसांना दुःख झालं की ते कधी कधी रागातून बाहेर पडतं.

"घरच्यांच्या मनाविरुद्ध जावं का" या तुमच्या प्रश्नाचे मी दोन भाग करते. पार्व्हो, डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक वाईट रोग), मनीची लस, यांवर घरात चर्चा व्हावी, खर्च बघावा, वेळ घ्यावा. रेबीजबाबत मात्र मी चर्चेला जागा ठेवणार नाही.

रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कधीच बरा होत नाही. कुत्र्यातही नाही, माणसातही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात. माणसाला होणाऱ्या रेबीजमध्ये ९९ टक्क्यांपर्यंत कारण कुत्रा असतो, आणि संशयित जनावरानं चावलेल्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. तुमची मुलगी तिसरीत आहे. पिल्लू तिच्या मांडीवर झोपतं, असं तुम्हीच लिहिलंय. ही सुई पिल्लाला टोचायची असली तरी ती तिच्यासाठी आहे, शेजारच्या लेकरांसाठी आहे.

इथे मला तुम्हाला थोडं थांबवायचंय. पिल्लू कुठून आलं, त्याची आई कोण, तिला काय झालं होतं, हे कुणालाच माहीत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला सध्या रेबीजचं संरक्षण नाही. ही लस साधारण बारा आठवड्यांनंतर देतात. पिल्लं दात शिवशिवतात म्हणून चावतात, आणि बहुतेक वेळा त्यात काही नसतं. पण त्याचे दात किंवा नखं मुलीला लागून ओरखडा उठला असेल, तर आजच तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. साधा ओरखडा असला आणि रक्त आलं नसलं, तरी दाखवा. सरकारी दवाखान्यात माणसांची रेबीजची लस मोफत मिळते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. आबांना पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत असतील. त्या भीतीनं कितीतरी लोक दवाखान्याची पायरी चढले नाहीत. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीपासून बनवणंच बंद झालं. आता मोजक्या सुया दंडात देतात. आणि मुलीला एक शब्द द्या: "चावलं तर लगेच सांग, मी रागावणार नाही, पिल्लाला टाकून देणार नाही." मुलं मार मिळेल किंवा कुत्रं घालवतील या भीतीनं चावा लपवतात. लपवलेला चावाच जिवावर बेततो.

पार्व्होबद्दल तुमच्या घरापुरती एक वेगळी काळजी आहे. हा विषाणू फार चिवट. सावलीच्या, ओलसर मातीत तो कित्येक महिने, वर्षभरसुद्धा तग धरतो. मोतीला जाऊन तेवढे महिने झालेले नाहीत. फिनाइलनं तो मरेलच असं नाही. मोतीचं गोणपाट, भांडी, पट्टा काही जपून ठेवलं असेल तर ते पिल्लाला वापरू नका. (पट्टा आठवण म्हणून ठेवायचा असेल तर पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा, मी समजू शकते.) फरशी आधी घासून स्वच्छ करा, मग एक भाग कपड्यांचं ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं राहू द्या, नंतर धुऊन टाका. त्या वेळी पिल्लू आणि मनी दुसऱ्या खोलीत असू द्या. मोती परसात जिथे निजायचा, तिथली माती धुता येत नाही, म्हणून पिल्लाला लशी पूर्ण होऊन दोन आठवडे होईपर्यंत तिकडे जाऊ देऊ नका. पण याचा अर्थ त्याला कोंडून ठेवायचं, असा करू नका. कडेवर घेऊन फिरवा, माणसं, गाड्या, गाई दाखवा. या वयात जग न बघितलेलं कुत्रं मोठं झाल्यावर भित्रं होतं, आणि भित्रं कुत्रं चावतं.

वेळापत्रक सोपं आहे. आधी जंताचं औषध. मग आठव्या आठवड्याला पार्व्हो-डिस्टेंपरची एकत्र लस, पुढे बाराव्या आणि सोळाव्या आठवड्याला. तुमच्या घरात आधीच रोग येऊन गेलाय, म्हणून मधलं अंतर दोन-तीन आठवड्यांचं ठेवा असं मी डॉक्टरांना सुचवेन. बाराव्या आठवड्यानंतर रेबीज. काही डॉक्टर तीन-चार आठवड्यांनी त्याची दुसरी मात्रा देतात, ती घ्या. सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान पुन्हा एकदा सगळं. पिल्लाला ताप, जुलाब असतील तर लस पुढे ढकलायची.

पतींच्या खर्चाच्या मुद्द्याला मी कमी लेखत नाही. मोतीच्या तीन दिवसांच्या सलाईन-इंजेक्शनांचं बिल त्यांनीच भरलं असेल. पार्व्होच्या उपचाराला हजारो रुपये लागतात आणि तरी खात्री नसते. त्या मानानं लशींचा सगळा खर्च थोडा आहे. तरीही हात आखडता घ्यावा लागला तर क्रम असा: रेबीज आणि पार्व्हो-डिस्टेंपर सोडायचे नाहीत, बाकीचं नंतर. नाइन-इन-वनचा, म्हणजे अनेक रोगांवरच्या एकत्र लशीचा, आग्रह झाला तर त्यात काय काय आहे ते विचारा. त्यातला कुत्र्यांचा कोरोना हा माणसांच्या कोविडहून वेगळा आहे, आणि छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना त्याच्या लशीची शिफारस करत नाही. लेप्टोची मात्र घ्या. उंदराच्या मुतातून पसरणारा हा रोग माणसालाही होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत तो किती भोवला, हे अनेकांना आठवत असेल. ऊस, पाण्याचे पाट आणि उंदीर जिथे आहेत, तिथे कुत्र्याला तो होऊ शकतो. लेप्टोची लस दरवर्षी लागते. रेबीजचीही आपल्याकडे दरवर्षी देतात, ती पद्धत मोडू नका. पण पार्व्हो-डिस्टेंपरची लस, पहिल्या वर्षाचा क्रम नीट झाल्यावर, मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांतून एकदा पुरते, असं तीच संघटना सांगते. हे डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. पैसे तिथे वाचतात.

डिस्टेंपरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुमचं गाव कोयनेच्या जंगलापासून लांब नाही, असं पत्रावरून वाटलं. डोळ्यांना-नाकाला चिकट पाणी, खोकला, आणि मग झटके, पाय उडणं, अशी त्याची चाल. वाचलेली कुत्रीही कधी कधी जन्मभर थरथरत राहतात. हा रोग कुत्र्यापुरता राहत नाही. २०१८ च्या सप्टेंबरात गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांतल्या काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी कुत्र्यांना लस दिली, तर आतल्या जनावरांवरचंही एक संकट टळतं. सह्याद्रीत वाघ परत यावेत असं वाटणाऱ्या प्रत्येकानं हे मनावर घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

आता मनी. ती उंबरा ओलांडत नाही, पण तुमच्या चपला ओलांडतात. मांजरांचा पार्व्हो म्हणजे पॅनल्युकोपेनिया. त्याचा विषाणू चपलेच्या तळाला, हाताला, पिशवीला चिकटून घरात येतो. शिवाय कुत्र्यांच्या पार्व्होचे सध्याचे काही प्रकार मांजरालाही लागू शकतात, आणि तो रोग तुमच्या घरात येऊन गेलाय. मनी वाचली, हे नशीब. तिला ट्रायकॅट म्हणतात ती लस द्या: आता एक, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, मग वर्षानं. ती पॅनल्युकोपेनियापासून चांगलं संरक्षण देते. त्यातल्या सर्दीच्या दोन रोगांना पूर्ण अडवत नाही, पण आजार सौम्य करते. रेबीजही द्या, घरात आता एक धडपड्या पिल्लू आहे, एखाद्या दिवशी दार उघडं राहीलच. मांजरांत टोचल्या जागी फार क्वचित, अगदी हजारोंत एखादीला, वाईट गाठ होऊ शकते. म्हणून लस पाठीवर न टोचता पायाच्या खालच्या भागात द्यायला सांगा. टोचल्या जागची गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढत असली, तर डॉक्टरांना दाखवा.

ज्यांच्या दारात पाळलेलं कुत्रं नाही पण गल्लीतलं एक 'आपलं' कुत्रं आहे, अशा वाचकांसाठीही लिहिते. रेबीजची लस दहा मात्रांच्या बाटलीतही मिळते. चार घरांनी मिळून गल्लीतली कुत्री एका सकाळी गोळा केली, तर डॉक्टर येऊन सगळ्यांना देऊ शकतात आणि खर्च वाटला जातो. पंचायत समितीच्या गुरांच्या दवाखान्यात आधी विचारा. ६ जुलैला जागतिक प्राणिजन्य रोग दिन असतो, त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी मोफत शिबिरं होतात. हे शक्य आहे का, असं वाटत असेल तर गोव्याकडे बघा. तिथे सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून घरोघर, वाड्यावाड्यांत जाऊन, भटकी कुत्री जाळ्यात धरून, दर वर्षी ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोहोचायचं ठरवलं. इतक्या कुत्र्यांना संरक्षण मिळालं की रोगाची साखळी तुटते. २०१८ पासून पुढची सलग काही वर्षं तिथे रेबीजनं एकही माणूस गेला नाही आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. गोवा आपल्या शेजारी आहे, कुत्री तीच आहेत.

कान व्ही आकारात कापलेलं कुत्रं नसबंदी झालेलं असतं, आणि त्या वेळी त्याला रेबीजची लसही दिलेली असते. पण ती एकदाच. दरवर्षीची आठवण ठेवायला त्याला मालक नाही, म्हणून ती गल्लीनं ठेवायची.

ताई, कार्ड आबांच्या हाती द्या. तारखा लक्षात ठेवणं हे त्यांचं काम असू दे. जनावरांच्या तारखा त्यांनी आयुष्यभर सांभाळल्यात. पिल्लाला नाव आत्ताच ठेवा. नाव न ठेवल्यानं दुःख कमी होत नाही, हे तुम्हाला आणि मला दोघींनाही माहीत आहे.

आणि दवाखान्यात नेताना पिल्लाला बुट्टीत जुनं लुगडं घालून न्या, थोडं खाऊ घालून. तिथल्या फरशीवर, बाकावर त्याला सोडू नका, दुसऱ्या कुत्र्याला हुंगू देऊ नका. आजारी पिल्लं तिथेच येऊन गेलेली असतात. टेबलावर डॉक्टर घेतील तेव्हाच बुट्टीतून काढा, तेही खाली स्वच्छ कापड टाकून. लस झाली की पुन्हा बुट्टीत, आणि अर्धा तास बाहेर झाडाखाली बसून राहा.